घराभोवतीचे डास आणि वनस्पतींचे सुवास : काय उपयोगी पडते, किती आणि केव्हा

मुळाकाठ (धागाकर्ता)

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांमध्ये 'डास पळवणारे झाड' अशी पाटी लावलेल्या कुंड्या दिसू लागतात. कुठे ते सिट्रोनेला गवत असते, कुठे जिरेनियमच्या कुळातले सुवासिक पानांचे झाड असते, तर कुठे आपला साधा गवती चहाच त्या नावाने विकला जातो. लोक मोठ्या विश्वासाने ती कुंडी खिडकीत ठेवतात, आठवड्याभरात डास तितकेच आहेत हे लक्षात येते, आणि मग 'हे वनस्पतीबिनस्पती सगळे थोतांड आहे' असे म्हणून पुन्हा कॉइल पेटवली जाते. मला हे दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात, म्हणून हा विषय इथे सविस्तर मांडतो आहे.

वनस्पतींच्या वासामुळे डास दूर राहतात, यात शंका नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातील लष्करात डासांपासून बचावासाठी सिट्रोनेलाचे तेल वापरले जात असे, आणि १९४८ मध्ये अमेरिकेत या तेलाची डासरोधक म्हणून रीतसर नोंदणी झाली. प्रश्न असतो तो मात्रेचा. वास पानात असणे वेगळे, आणि तो आपल्या त्वचेजवळच्या हवेत पुरेशा प्रमाणात व पुरेसा वेळ असणे वेगळे.

आपल्याला चावते ती डासाची मादी. तिला अंड्यांसाठी रक्तातील प्रथिने लागतात. आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड तिला बऱ्याच अंतरावरून जाणवतो, आणि जवळ आल्यावर घामातील लॅक्टिक आम्लासारखी द्रव्ये, शरीराची ऊब आणि ओलावा यांच्या आधाराने ती नेमकी जागा हेरते. सिट्रोनेलाल, जिरॅनिऑल, युजेनॉल यांसारखी सुगंधी द्रव्ये तिच्या गंधग्राहकांवर परिणाम करतात. काहींमुळे तिचा माग चुकतो, काही तिला सरळ असह्य होतात. परंतु ही द्रव्ये उडून जाणारी आहेत, आणि हवेतील त्यांचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले की मादीला पुन्हा आपला माग लागतो.

जिवंत झाड आपले तेल पानांतील सूक्ष्म ग्रंथींमध्ये साठवून ठेवते. गवती चहाचे पान चुरगळल्याशिवाय त्याचा वास येत नाही, हे आपण सारेच जाणतो. आपल्या नाकाला जो वास येत नाही, तो डासाला हाकलून देईल अशी अपेक्षा धरण्यात फारसा अर्थ नाही. 'सिट्रोसा' नावाने विकल्या जाणाऱ्या जिरेनियमच्या झाडाची चाचणी झाली, तेव्हा त्याच्या शेजारी बसलेल्या माणसांना एडिस (डेंग्यू पसरवणारे) डास तितकेच चावले. तरीही सगळ्याच कुंड्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पश्चिम केनियामध्ये रानतुळस आणि घाणेरी (आपल्याकडे तिला टणटणीही म्हणतात) यांच्या कुंड्या घरात ठेवून मलेरियाच्या डासांवर प्रयोग झाले, आणि तिथे डासांचा उपद्रव साधारण एक तृतीयांशाच्या आसपास कमी झाल्याचे आढळले. एक तृतीयांश म्हणजे काहीच नाही असे नव्हे. पण रात्री तीन डास चावायचे तिथे दोन चावले, तर डेंग्यू-मलेरियाच्या दृष्टीने आपण निश्चिंत होऊ शकत नाही.

तेल, धुरी, कुंड्या, पाला, जे कोणी जे काही नियमाने वापरत असेल, त्यांनी आपल्या भागातील पद्धत जरूर लिहावी. केव्हा वापरता आणि घर बंद असते की उघडे, हेही लिहिले तर चर्चा अधिक उपयोगी होईल.

ओवी

धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्या गॅलरीत तुळस, झेंडू आणि गवती चहा आहे. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास डासांचा त्रास फार होतो. घरात एक वर्षाचे बाळ आणि पाच वर्षांचा मुलगा आहे, म्हणून रासायनिक लिक्विड लावायला मन धजत नाही. बाजारात मिळणारी सुगंधी तेले मुलांच्या अंगाला लावली तर चालतील का? बऱ्याच ठिकाणी लवंगेचे तेल, निलगिरी आणि कापूर एकत्र करून लावण्याचा सल्ला वाचला आहे.

बालवैद्य

ओवीताई, तो सल्ला कृपया अमलात आणू नका. मी लहान मुलांचा डॉक्टर आहे आणि 'नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे' या समजुतीमुळे होणारे त्रास पाहत आलो आहे. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि त्यासाठी लागणारी मात्रा फार थोडी असते. कापराच्या वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात, म्हणून त्या मुलांच्या हाताला लागतील अशा जागी ठेवूच नयेत. ज्या बाळांमध्ये जी-६-पी-डी या विकराची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असते, त्यांच्या आसपास कापूर आणि डांबरगोळ्या दोन्ही टाळाव्यात. निलगिरीचे तेलही पोटात गेल्यास तितकेच घातक आहे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल डासांना दूर ठेवते हे खरे. मात्र ज्या तीव्रतेला ते परिणामकारक ठरते, त्या तीव्रतेला मुलांच्याच काय, मोठ्यांच्या त्वचेचाही दाह होतो.

आणखी एक गल्लत सर्रास होते, ती दूर करणे आवश्यक आहे. औषधाच्या दुकानात सर्दीसाठी जे निलगिरी तेल मिळते, ते डासरोधक म्हणून फार उपयोगाचे नाही. ज्या निलगिरीचा परदेशांतील आरोग्य संस्था उल्लेख करतात, ती लिंबाच्या वासाची वेगळी निलगिरी आहे. तिच्या पानांपासून प्रक्रिया करून 'पीएमडी' हे द्रव्य मिळवले जाते, आणि वनस्पतिजन्य डासरोधकांमध्ये त्याचा परिणाम सर्वांत खात्रीचा व दीर्घकाळ टिकणारा आहे. मात्र तेसुद्धा तीन वर्षांखालील मुलांना लावू नये, असा स्पष्ट इशारा दिलेला असतो.

तुमच्या बाळासाठी मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पंखा हाच उपाय आहे. डास उडण्यात दुबळे असतात, वेगाच्या वाऱ्यात त्यांना नीट बसता येत नाही, आणि त्याच वाऱ्याने आपला श्वासही विखुरला जातो. पाच वर्षांच्या मुलाला तेल लावायचेच असेल तर ते विरळ केलेले असावे, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी, आणि हाताच्या पंज्यांना व चेहऱ्याला लावू नये, कारण मुले डोळे चोळतात.

घरात मांजर असेल तर सुगंधी तेलांची वाफ करणारी उपकरणेही जपूनच वापरावीत. त्या द्रव्यांचे विघटन मांजरांच्या यकृतात नीट होत नाही.

पांझराकाठ

या चर्चेत आमच्या खानदेशातल्या रोशा गवताचे नाव अजून कसे आले नाही, असे वाटले म्हणून लिहितो. रोशा, म्हणजे इंग्रजीत ज्याला पामारोझा म्हणतात ते गवत, हे गवती चहा आणि सिट्रोनेला यांचे सख्खे भावंड आहे. तिन्ही एकाच कुळातली, परंतु तिन्हींचे तेल वेगळे. गवती चहाच्या तेलात मुख्यतः सिट्राल असते, सिट्रोनेलाच्या तेलात सिट्रोनेलाल आणि जिरॅनिऑल, तर रोशाच्या तेलात बहुतांश जिरॅनिऑलच असते, म्हणून त्याला गुलाबासारखा वास येतो. धुळे-नंदुरबारच्या डोंगरउतारांवर हे गवत आपोआप उगवते. साक्री तालुक्यातील पिंपळनेरच्या बाजूला रोशा तेल गाळण्याचा धंदा ब्रिटिश काळापासून प्रसिद्ध होता. त्यात मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार ओळखले जातात. उंची तेल मोतियाचे. आमच्याकडची जुनी माणसे सांधे दुखू लागले की हे तेल चोळत आणि गुरांच्या अंगावरही थोडे लावत.

मूळ लेखात मात्रेचा जो मुद्दा मांडला आहे, तो तेल गाळणाऱ्याला चटकन पटेल. भट्टीवर गवताचे भारे रचतात, खालून वाफ सोडतात, आणि ती वाफ थंड करून पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे करतात. सिट्रोनेलाच्या ताज्या पाल्यापासून साधारण एक टक्का तेल मिळते, रोशा आणि गवती चहापासून त्याहूनही कमी. म्हणजे शंभर किलो पाला गाळला तर हाती किलोभर तेल येते, बऱ्याचदा तेवढेही नाही. आता गॅलरीतल्या एका कुंडीत मूठभर पाती असतात, त्यांत किती तेल असेल आणि त्यातले न चुरगळता किती बाहेर पडेल, याचा अंदाज कोणीही करू शकेल.

डासांच्या बाबतीत जिरॅनिऑल हे सिट्रोनेलापेक्षा सरस आहे, असे इस्रायलमध्ये झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात दिसले आहे. वास पसरवणारी उपकरणे घरात ठेवली असता सिट्रोनेलामुळे ६८ टक्के आणि जिरॅनिऑलमुळे ९७ टक्के डास दूर राहिले. तीच उपकरणे उघड्यावर सहा मीटर अंतरावर ठेवली, तेव्हा सिट्रोनेलाचा परिणाम २२ टक्क्यांवर आला, जिरॅनिऑलचा मात्र ७५ टक्के राहिला. उघड्या गॅलरीत सिट्रोनेलाची मेणबत्ती लावून समाधान का होत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे. एवढे चांगले द्रव्य आपल्याच डोंगरावर उगवत असताना आपण दूरदेशीच्या मेणबत्त्या विकत घेतो, याचे मला खरोखर वाईट वाटते. लखनौच्या सीमॅप या संस्थेने या सुगंधी गवतांचे सुधारित वाण दिले आहेत. हलक्या, मुरमाड जमिनीतही ही गवते तग धरतात आणि जनावरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. डासांच्या निमित्ताने स्थानिक तेलाला मागणी आली, तर कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा आधार होईल.

वाडीवरची

मी तळकोकणातून लिहीत आहे. आमच्याकडे तेलापेक्षा धुरी अधिक. तिन्हीसांजेला गोठ्यात शेणी पेटवून तिच्यावर कडुनिंबाचा अर्धवट सुकलेला पाला टाकतात. निर्गुडी मिळाली तर तीही. पाला पूर्ण वाळलेला असेल तर तो भडकन पेटतो आणि धूर होत नाही, पार हिरवा असेल तर निखारा विझतो, म्हणून अर्धवट सुकलेला. गुरे त्या वेळी स्वस्थ उभी राहतात, शेपट्या मारणे कमी होते, हे आम्ही रोज पाहतो. जुन्या पद्धतीच्या घरात हाच धूर माजघरातून फिरवून नेत आणि कौलांच्या फटींतून तो निघून जात असे. आता स्लॅबच्या घरात, खिडक्यांना काचा लावून कोणी तसेच करू लागले तर ते योग्य होणार नाही. आमच्या घरी धुरीच्या वेळी सगळी माणसे खळ्यात बसतात, धूर निवला की दारे उघडून मग आत जातात. ज्यांना दमा आहे त्यांना मात्र तेवढ्यानेही त्रास होतो, म्हणून सासूबाईंची खोली आम्ही वगळतो.

धुरीचा परिणाम निखारा असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा वेळ राहतो. रात्रभर तिच्यावर विसंबून कोणी मच्छरदाणी काढत नाही.

मुळाकाठ (धागाकर्ता)

वाडीवरची, आपण पाल्याच्या ओलाव्याबद्दल जे लिहिले ते मला नवीन आहे, आणि धुरीच्या वेळी माणसांनी बाहेर बसण्याची पद्धत तर फारच शहाणपणाची आहे. धूर कशाचाही असो, त्याचे सूक्ष्म कण फुप्फुसात जातातच. एक डासांची कॉइल पूर्ण जळाल्यावर जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके असल्याचे एका प्रसिद्ध अभ्यासात मोजले गेले आहे. कडुनिंबाच्या धुराला यातून सूट मिळत नाही. शेणाच्या धुराला तर नाहीच.

याला जोडूनच सांगायची गोष्ट म्हणजे 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या डासांच्या अगरबत्त्या. त्यांपैकी काहींमध्ये भारतात नोंदणी नसलेली कृत्रिम कीटकनाशके आढळलेली आहेत, आणि अशी अगरबत्ती लावताच डास पटापट पडतात म्हणून ती लोकप्रियही होते. वनस्पतींच्या नुसत्या सुवासाने डास सहसा दूर जातो, मरून पडत नाही. त्यामुळे 'सुवासिक' अगरबत्तीने डासांचा खच पडत असेल तर संशय घ्यावा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, आणि त्याखाली नोंद झालेल्या उत्पादनाच्या वेष्टनावर सीआयआर क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तर ती वस्तू घरात आणू नये.

अर्थात वनस्पतीत मारक द्रव्ये नसतातच असेही नाही. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलांत ती असतात. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिली डासांची कॉइल तयार झाली ती याच फुलांच्या भुकटीची. आजच्या कॉइलमध्ये व लिक्विडमध्ये त्याच द्रव्यांच्या धर्तीवर बनवलेली कृत्रिम रसायने असतात.

अंगणातली माती

कडुनिंबाच्या तेलाबद्दल कोणी लिहिले नाही. आमच्याकडे ते खोबरेल तेलात मिसळून शेतावर राखणीला जाताना लावतात. वास उग्र असतो, कपड्यांना राहतो, आणि शहरातले पाहुणे नाक मुरडतात. पण रात्री माळ्यावर झोपायचे तर त्याच्याइतके टिकणारे दुसरे तेल आम्हाला सापडलेले नाही.

पांझराकाठ

अंगणातली माती, आपल्या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे. १९९३ मध्ये दिल्लीच्या मलेरिया रिसर्च सेंटरमधील शास्त्रज्ञांनी खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून माणसांवर चाचणी घेतली होती. तेव्हा मलेरिया पसरवणाऱ्या अॅनोफिलिस डासांपासून १२ तास पूर्ण संरक्षण मिळाल्याचे त्यांनी नोंदवले. इतर डासांवर परिणाम तितका भक्कम नव्हता, आणि पुढे अन्यत्र झालेल्या चाचण्यांत इतके चांगले आकडे नेहमीच मिळाले नाहीत. तरीही कडुनिंबाचे तेल सिट्रोनेलासारखे भराभर उडून जात नाही, आणि खोबरेलामुळे ते त्वचेवर आणखी धरून राहते, हा त्याचा गुण मान्य करायलाच हवा.

हिवतापवाला

मी आरोग्य खात्यात हिवताप विभागात क्षेत्र कर्मचारी होतो, आता निवृत्त आहे. सुवासांना माझा विरोध नाही, परंतु आपल्या घरातला डास कोणता आहे हे पाहिल्याशिवाय वेळ ठरवता येत नाही, आणि वेळ ठरली नाही तर तासाभराने उडून जाणारा सुवास वाया जातो.

पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी ऊन पडू लागल्यावर आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत. डेंग्यू आणि चिकुनगुनिया त्याच्यामुळे. त्यामुळे केवळ रात्री तेल लावणाऱ्याला डेंग्यूपासून संरक्षण मिळत नाही. मुलांना ते शाळेत जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी खेळायला जाण्यापूर्वी लावले पाहिजे. क्युलेक्स हा गटाराच्या व सेप्टिक टाकीच्या घाण पाण्यातला, अंधार पडल्यापासून रात्रभर चावणारा. हत्तीरोग त्याच्यामुळे पसरतो. शहरी मलेरियाचा अॅनोफिलिस स्टीफेन्साय मात्र गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत, स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि तोही रात्रीचाच. ओवीताईंना दिवेलागणीला त्रास होतो, म्हणजे बहुधा क्युलेक्स असावा. आसपास उघडे गटार किंवा सेप्टिक टाकीचा जाळी नसलेला व्हेंट पाइप आहे का, हे त्यांनी पाहावे. त्या पाइपाच्या तोंडाला जाळी किंवा जुना पायमोजा बांधला तरी मोठा फरक पडतो.

ज्या कुंड्यांत आपण सुवासिक झाडे लावतो, त्यांच्याच खालच्या ताटल्यांत एडिसची पैदास होते, हे मी घरोघरी फिरताना फार पाहिले आहे. पावसाळ्यातल्या उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. त्यातही नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, कोरडी होऊनही कित्येक महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. ताटली, पिंप, फ्रिजच्या मागचा ट्रे, हे सारे काथ्याने घासूनच कोरडे करावे. ज्या हौदात पाणी कायम ठेवावे लागते, तिथे गप्पी मासे सोडावेत.

ओवी

हिवतापवाला काका, आमच्या इमारतीच्या मागेच सेप्टिक टाकी आहे आणि तिच्या पाइपाला जाळी नाही. उद्याच सोसायटीशी बोलते. कुंड्यांच्या ताटल्या मी आजच काढून टाकल्या.

पांझराकाठ यांना एक विचारायचे आहे. डॉक्टरांनी सांगितलेली पथ्ये पाळून, फक्त आम्हा मोठ्यांसाठी, तेल नेमके कसे आणि किती मिसळावे?

पांझराकाठ

ओवीताई, कडुनिंबासाठी १०० मिलिलीटर खोबरेलात २ मिलिलीटर शुद्ध कडुनिंब तेल घ्या. घाण्याचे, इतर तेलाची भेसळ नसलेले घ्यावे. थंडीत खोबरेल गोठते, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून, नीट हलवून मग लावावे, नाहीतर कडुनिंबाचे तेल सगळीकडे सारखे मिसळत नाही. रोशा किंवा सिट्रोनेलाचे तेल अंगाला लावायचे असल्यास तेही तितक्याच प्रमाणात, आणि पोटऱ्या व घोटे यांना विसरू नये, कारण बसलेल्या माणसाला डास तिथेच अधिक चावतात. या दोन तेलांचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो, म्हणून ती गॅलरीत बसण्याच्या आधी दहा मिनिटे लावावीत आणि जास्त वेळ बसायचे असेल तर पुन्हा लावावीत.

अंगाला काहीच लावायचे नसेल, तर रोशा तेलाचे काही थेंब सुती फडक्यावर घेऊन ते खुर्चीखाली, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवावे. पंख्याच्या समोर ठेवले तर वास आपल्याकडे येतो. ते फडके बाळाच्या पाळण्याजवळ ठेवू नये, आणि तेलाची बाटली गडद काचेची घेऊन, बूच घट्ट लावून, कापराप्रमाणेच कुलपात ठेवावी.

गवती चहाची कुंडी काढून टाकू नका. संध्याकाळी बसण्यापूर्वी त्याची चार-पाच पाती तोडून, हाताने चुरगळून पायांशी टाका. ज्या दिवशी वारा पडलेला असेल, त्या दिवशी तेवढ्यानेही थोडा फरक जाणवेल. कापलेल्या बुंध्यांतून पंधरवड्यात नवी पाती येतात.